परातीतली माझी बाजू

त्या शुक्रवारी आईनं बाबांसमोर वेगळी ताटली ठेवली. काचेची, कडेला निळी फुलं असलेली. पाहुणे आले की बिस्किटं मांडायला काढते त्या संचातली. ताटलीत थोडं कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे, सलगमची एक फोड, कोबीचं पान आणि चरबी काढून टाकलेला मांसाचा लहानसा तुकडा. बुटक्या गोल टेबलाच्या मधोमध आमची मातीची परात नेहमीसारखी वाफाळत होती. वर भोपळा, गाजर, हरभरे रचलेले होते आणि ताकाचे पेले भरून झाले होते. बाबा जुम्म्याची नमाज पढून नुकतेच आले होते. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी सवयीनं हात पुढं केला, तो परातीला लागायच्या आधी काचेला लागला. त्यांनी बोटांनी ताटलीची कड चाचपली, एक पूर्ण फेरी मारली आणि हात परत मांडीवर ठेवला. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळतं, बाकी सगळं बोटांना विचारावं लागतं.

"हे काय आहे, तूरिया?"

"तुमचं जेवण."

"परात कुठाय?"

"परात आहे तिथंच आहे. तुमचं यात वाढलंय. डॉक्टरांनी मापून वाढायला सांगितलंय."

"मी काय या घरात पाहुणा आहे?"

"पाहुणा असता तर बरं झालं असतं, हाजी. पाहुणा निदान चोरून तरी खात नाही."

माझी बहीण सुआद "आई!" असं म्हणाली आणि तिनं ताकाचा पेला उचलला. तिचा नवरा जलाल, ज्याला कुठल्याही घरातली शांतता सोसत नाही, तो हसून म्हणाला, "बाबा, हल्ली मोठमोठ्या हॉटेलांत असंच असतं. ज्याचं त्याचं ताट."

"हॉटेलात माणसं एकमेकांची कुणी नसतात म्हणून," बाबा म्हणाले.

मी चमचा हातात घेऊन बसलो होतो. बाबा नेहमीच्याच जागी, माझ्या डाव्या हाताला बसले होते. पण परातीतली त्यांची बाजू आज कुणाचीच नव्हती. कुसकुसचा तो उतार अख्खा, गुळगुळीत, कुणाचं बोट न लागलेला तसाच राहणार होता, आणि तिथं एक दाणा जरी सरकला असता तरी सगळ्यांना दिसला असता. आईनं बाबांना शिक्षा केली होती आणि पकडला गेलो होतो मी. हे त्या टेबलावर मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आमच्या परातीच्या पाच बाजू. रेघा कुणी आखलेल्या नसतात, पण प्रत्येकाला त्या दिसतात. आपल्या पुढ्यातलं खायचं, दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही, हे कासाब्लांकातल्या पोराला चालायला यायच्या आधी येतं. म्हणून जेवता जेवता प्रत्येकासमोर एकेक खड्डा पडत जातो आणि शेवटी त्या खड्ड्यांकडे बघून कोण किती जेवलं ते आई सांगू शकते. जलालचा खड्डा विहिरीसारखा सरळ खाली जातो. सुआद कडेकडेनं कोरत राहते. आईचा खड्डा उथळ, कारण तिचा निम्मा वेळ दुसऱ्यांच्या पुढ्यात भाज्या सरकवण्यात जातो. आणि माझाही खड्डा असायचा, चांगला खोल, कुणीही बघून समाधान मानावं असा. त्यातलं कुसकुस माझ्या तोंडात गेलेलं नसायचं एवढंच. चमच्याच्या पाठीनं मी ते डावीकडे सारायचो, थोडंथोडं, जलालनं काही विनोद केला आणि सगळे हसले की त्या हसण्याच्या आडून. डावीकडे बाबा. बाबांना दिसत नाही. बाबा हातानं खातात, तळव्यावर दाण्यांचा गोळा उडवत उडवत घट्ट करतात आणि अंगठ्यानं तोंडात ढकलतात. आणि बाबांचा एक हट्ट आहे, आपल्या बाजूला मातीचा तळ बोटाला लागल्याशिवाय उठायचं नाही. ज्या वर्षी धान्य कुपनावर मिळत होतं त्या वर्षी त्यांचा जन्म झाला. पुढ्यातलं टाकणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणं, असं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. तेव्हा ते त्यांचं खायचे आणि माझंही खायचे. कधीकधी खूप वेळ झाला तरी तळ लागायचा नाही. मग ते हसून म्हणायचे, "तूरिया, तुझ्या हाताला बरकत आहे बघ. माझी बाजू संपतच नाही." आई लाजायची. मी मान खाली घालून चमचा पुसायचो.

शुक्रवारचं कुसकुस हे तर निमित्त. रोजचंच तसं होतं. रश्श्यातले बटाटे, माझ्या वाट्याची पाव-रोटी, कांदा आणि मनुका गोड परतून केलेलं सुआदच्या हातचं तोंडीलावणं, सगळं हळूच त्यांच्या पुढ्यात. कुणी पाहिलंच तर त्यात वावगं काय होतं? चांगला तुकडा वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात सरकवणं याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. जलालनं एकदा पाहिलं होतं आणि भर टेबलावर म्हणाला होता, "मुनसिफसारखा मुलगा नशिबानं मिळतो. मी असतो तर तो नळीचा तुकडा बापालासुद्धा दिला नसता." बाबांनी तो नळीचा तुकडा चोखून संपवला. नाही कसं म्हणणार? मुलानं मानानं पुढं केलेलं परत लोटायचं नसतं.

आणि त्यांची साखर चढत गेली. इंजेक्शन वाढवलं, ती चढली. चहातली साखर काढली, ती चढली. आमच्याकडे बिनसाखरेचा चहा आजारी माणसालाही देत नाहीत. बाबांनी तो औषधासारखा डोळे मिटून प्यायला, तरी ती चढलीच. डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती, ती भरेना, आणि मग अंगठा काळा पडायला लागला. डॉक्टर बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, हे बाहेरचं काहीतरी खातायत, लक्ष ठेवा. सोमवारी पुन्हा आणा, साखर उतरली नसेल तर अंगठा काढावा लागेल, आणि एकदा काढायला सुरुवात झाली की कुठं थांबेल ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून आई घरातली पोलीस झाली. बाबांच्या गादीखाली, उशीच्या खोळीत, अंगरख्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपात ती हात घालून बघायची. ज्या माणसानं चाळीस वर्षं शहराची बस चालवली आणि कुणाचं सुटं नाणं कधी जास्त घेतलं नाही, तो भिंतीला धरून उभा राहायचा आणि बायको त्याचे खिसे उलटे करायची. मी दारात उभा राहून बघायचो. दर वेळी ठरवायचो की आज जेवताना सारायचं नाही. आणि जेवायला बसलो की आपोआप चमचा डावीकडे जायचा, आणि मला स्वतःची अशी किळस यायची की त्या किळसेमुळेच घास आणखी घशाखाली उतरायचा नाही.

त्याच सकाळची गोष्ट. मी ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या बाजूला, पायाखाली, जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो आपण दाबायचा, एवढीच माझी नोकरी. बाबांना तिचा फार अभिमान आहे. "मी एका ब्रेकवर आयुष्य काढलं, माझ्या मुलाला दोन आहेत," असं ते मशिदीत सांगतात. तर जमीआ नावाच्या विधवा बाई, ज्यांना आम्ही मानानं लल्ला म्हणतो, गाडी चालवत होत्या. नवरा गाडी ठेवून गेला, ती दारात गंजत उभी आहे, म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकायला आलेल्या. चौकाच्या वळणावर समोर संत्र्यांची हातगाडी आली. मला ती दिसली. ब्रेक दाबायचा हेही कळलं. पण कळण्यापासून पायापर्यंतचा रस्ता कुठंतरी तुटला होता. कानांत समुद्र भरला, हातगाडीच्या कडा पांढऱ्या होत गेल्या, आणि मी स्वच्छ मनानं वाट बघत राहिलो की कुणीतरी ब्रेक दाबील.

"उस्ताद! उस्ताद, दाबा ना! या अल्ला!"

त्यांनीच दाबला शेवटी. बंपर हातगाडीला टेकला, थोडी संत्री घरंगळली, संत्रीवाला आमच्या सात पिढ्यांची नावं घेत आला. लल्ला जमीआंनी त्याला असं काही सुनावलं की तोच माफी मागून गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "उस्ताद, माझा नवरा कफनात होता तेव्हासुद्धा इतका पांढरा दिसत नव्हता. सकाळी काही खाल्लंत का?"

"खाल्लंय की."

"तुमचं तोंड तसं सांगत नाही." त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली, तुपात भाजलेली घडीची पोळी काढली, मध लावलेली. "हे खा. माझ्यासमोर खा."

"घरी नेतो, लल्ला. आज जुम्मा आहे, आई वाट बघत असेल."

ती पोळी मी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी गाड्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला दिली. शिकायला येणारे लोक मायाळू असतात, काही ना काही आणतात, आणि तो म्हातारा माझ्या जिवावर गुबगुबीत झालाय. मला बघितलं की दुआ देतो. माझ्या उपाशीपणावर दोन म्हातारे पोसले जात होते. एकाला ते मानवत होतं आणि दुसऱ्याचा पाय सडत होता.

हे कधी सुरू झालं ते सांगायला गेलो की मला दर वेळी वेगळं काहीतरी आठवतं. लहानपणी मी जाडा होतो. गल्लीत मला 'बूकर्श' म्हणत, म्हणजे ढेऱ्या. सुआद अजून रागावली की म्हणते. बाबा मला दर गुरुवारी हमामात न्यायचे, तिथं अंग घासणारा एक पैलवानी माणूस होता, तो मला ओल्या फरशीवर पालथा-उताणा करत पोटावर थाप मारायचा आणि वाफेतून बाबांना नावानं हाक मारून ओरडायचा, "बूशऐब, ईद जवळ आली, हा कधी कापायचा?" सगळा हमाम हसायचा. बाबाही हसायचे. ते हसणं वाईट नव्हतं, मुलाचं पोट भरलेलं आहे हे चारचौघांत दिसल्याचं हसणं होतं. कुपनाच्या वर्षात जन्मलेल्या माणसाला त्यात अभिमान वाटणारच. मी त्यांच्यावर काही ढकलू इच्छित नाही. हमामात ज्यांना लोक हसले असे आणखी शंभर पोरगे या शहरात बापे झाले, आज टॅक्सी चालवतात, मिशीला तेल लावतात आणि मेंढीचं डोकं खाऊन ढेकर देतात. मग मलाच काय झालं? कदाचित ते नंतरचं असेल. बाबांचे डोळे गेले, नोकरी गेली, माझं कॉलेज राहिलं. सुआदचं लग्न, घरभाडं, औषधं, सगळं एकदम माझ्यावर आलं आणि त्यातलं काहीही माझं ऐकत नव्हतं. एका सकाळी घाईत न्याहारी राहिली. दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडत होते आणि मी त्यांना ओरडू दिलं. संध्याकाळी ते गप्प झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा हुकूम मानला होता. त्या संध्याकाळी मी ट्रामनं न येता समुद्राच्या कडेनं चालत घरी आलो, आणि खोटं कशाला सांगू, मी सुखी होतो.

ते सुख परत आलं नाही. त्याच्या जागी कुणीतरी येऊन बसला. माझ्याच गाडीत, माझ्याच बाजूच्या सीटवर, जादा ब्रेकवर पाय ठेवून. मी चमचा उचलला की तो दाबतो. मी त्याची विनवणी केली आहे. म्हटलं आहे, एक खजूर. म्हटलं आहे, अर्धी वाटी सूप, माझा बाप मरेल. तो काही बोलत नाही, पाय काढत नाही. लोकांना वाटतं की मी खायला नको म्हणतो. मी रात्रंदिवस अन्नाशिवाय दुसरा विचार करत नाही. बेकरीच्या काचेसमोर मी असा उभा राहतो की आतली पोरगी हसते. भूक मेलेली नाही. ती असती मेली तर किती सोपं होतं.

आणि लपायला आमच्या शहरात जागा किती! सोमवारी आणि गुरुवारी मी उपवास धरतो. त्यानं माझं नाव झालंय. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक माझ्यासमोर सिगरेट विझवतो. रमजान हा माझा सगळ्यात चांगला महिना, कारण दिवसभर अख्खं शहर माझ्यासारखं असतं, कुणी कुणाला खा म्हणत नाही; फक्त संध्याकाळी उपवास सोडायची तोफ झाली की सगळे मला सोडून पलीकडे जातात. मी अल्लाच्या नावानं अल्लालाच फसवलं, हे शब्द मी कधी मनातसुद्धा पुरे उच्चारले नाहीत. आई माझी वाळलेली मान बघते आणि म्हणते, नजर लागली. तुरटी जाळून माझ्यावरून उतरवते. म्हणते, लग्न कर, बायकोच्या हातचं अंगी लागेल. मी आत बनियन, वर फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर दोन स्वेटर आणि जाकीट घालतो, एप्रिलमध्येसुद्धा. खरंच थंडी वाजते. गेल्या वर्षी टीव्हीवर एक डॉक्टर अशाच न खाणाऱ्या मुलींबद्दल बोलत होता. सुआद फळं चिरता चिरता म्हणाली, "पोटभर मिळायला लागलं की पोरींना ही असली थेरं सुचतात." जलाल म्हणाला, "पोरी नाटकी असतात." डॉक्टर पुढं म्हणाला की मुलांनाही हे होतं. तेवढ्यात आईनं चॅनल बदललं. मी तसाच बसून राहिलो. कुणीतरी माझं नाव घेतलं होतं आणि खोलीत ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

"जेव ना, मुनसिफ," आई म्हणाली. "कुणाकडे बघत बसलायस?"

मी चमच्यात थोडे दाणे घेतले आणि ते ओठांपर्यंत नेले. भोपळ्याचा, केशराचा, तुपाचा वास नाकात गेला आणि तोंडाला एकदम पाणी सुटलं, इतकं की लाज वाटावी. आणि त्या सीटवरच्यानं ब्रेक दाबला. मी चमचा खाली ठेवून ताकाचा पेला ओठाला लावला आणि तसाच परत ठेवला. बाबा त्यांच्या ताटलीला हात न लावता बसले होते.

"खा, हाजी," आई म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "मला काय हौस आहे का? सोमवारी ते तुमचा अंगठा कापतील."

"मी चोरून काही खाल्लेलं नाही."

"अंगरख्याच्या टोपात खजुराची बी सापडली."

"ती शेजारच्या अब्बासच्या नातवाच्या बारशाची. किती महिने झाले. थुंकायला जागा दिसली नाही म्हणून टाकली असेन टोपात. आंधळा माणूस कुठं थुंकणार?"

"आणि साखर? साखर काय हवा खाऊन चढली?"

"अल्लाशपथ, तूरिया..."

"शपथ घेऊ नका! जुम्म्याच्या दिवशी खोटी शपथ घेऊ नका, मी पाया पडते तुमच्या." आणि आई रडायला लागली. डोक्याच्या रुमालाला, टॉवेलला, जे हाताला लागेल त्याला तोंड पुसत ती रडत होती. बाबांनी ओठ मिटून घेतले. आपल्या घरात, आपल्या परातीसमोर त्यांची शपथ नाकारली गेली होती. त्यांची हनुवटी थरथरली. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, डोळे गेले तेव्हाही नाही.

आणि माझ्या तोंडून निघालं.

"आई, बाबांनी काही चोरलं नाही. मी सारत होतो त्यांच्याकडे."

"काय सारत होतास?"

"माझं. माझं सगळं जेवण. रोज. माझ्या बाजूचं त्यांच्या बाजूला. त्यांना दिसत नाही म्हणून. मी खात नाही, आई. मला खाता येत नाही. कितीतरी वर्षं झाली."

मला वाटलं, झालं. आता छत कोसळेल. छत कोसळलं असतं तर बरं झालं असतं. पण जलाल हसला.

"तू? तुला खाता येत नाही? अरे, गेल्या शुक्रवारी तुझा खड्डा माझ्यापेक्षा खोल होता!"

"लहानपणी माझ्या बाजूत बोगदा खणायचा हा," सुआद म्हणाली. "मी वर भोपळा शोधत बसायची आणि खालून माझं मांस गेलेलं असायचं. बूकर्श म्हणे खात नाही!"

आई मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले, पण वेगळ्या पाण्यानं. "बघा, हाजी," ती म्हणाली. "बघा तुमचा मुलगा. बापाची लाज झाकायला काय काय अंगावर घेतोय. असा मुलगा कुणाच्या पोटी येतो का?" तिनं टेबलावरून वाकून माझं डोकं धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. "अल्ला तुझ्यावर राजी असो. मी राजी आहे, पोरा. या जगात आणि पुढच्या जगात राजी आहे."

आमच्याकडे याच्यापुढं काही नसतं. आईबाप राजी आहेत हे त्यांच्या तोंडून ऐकायला माणसं परदेशातून मरणाच्या खाटेपाशी धावत येतात. ते मला जेवणाच्या टेबलावर मिळालं, एका खऱ्या शब्दाच्या बदल्यात, जो कुणी खरा मानला नाही. आणि मला काय वाटलं सांगू? आधी सुटका वाटली. मी सांगून टाकलं होतं आणि तरी कुणाला कळलं नव्हतं. उद्याही चमचा डावीकडे जाऊ शकणार होता. त्या सीटवर बसलेला पहिल्यांदाच हसल्यासारखा मला वाटला. मग त्या सुटकेचीच भीती वाटली.

तेवढ्यात बाबा बोलले.

"बस कर, तूरिया. मीच खात होतो."

आईनं माझं डोकं सोडलं.

"मीच. खजूर, साखरेचे खडे. सगळे झोपले की उठून." ते एकेक शब्द असा उच्चारत होते जणू कधी न गेलेल्या रस्त्यावर बस नेतायत. बाबांना खोटं बोलता येत नाही, सरावच नाही. "माझ्यापायी मुलाला जुम्म्याच्या दिवशी खोटं बोलावं लागलं. पुरे झालं. मीच खाल्लं. कापू दे अंगठा. आणि ही ताटली राहू दे, ठीक आहे ती." त्यांनी काचेची ताटली चाचपली, त्यातला कोबी उचलला आणि तोंडात घातला.

आईनं सुस्कारा सोडला. तो जिंकल्याचाही होता आणि हरल्याचाही. "कबूल केलंत ना, मग मिटलं," ती डोळे पुसत म्हणाली. जलालनं टाळी वाजवली, "चला, गार होतंय!" आणि सुआदनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं मिटलं होतं. बापानं मुलाला वाचवलं होतं, मुलानं बापाला, सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला होता, आणि सोमवारी एका माणसाचा अंगठा जाणार होता. मग आईनं परातीच्या मधोमध हात घालून मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा काढला, हाडावरून सोलून तो माझ्या पुढ्यात ठेवला. "घे. हा माझ्या हातचा. बिस्मिल्ला म्हण." आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले, इतक्या प्रेमानं की मला ओरडावंसं वाटलं.

पण ओरडून काय होणार होतं? बोलून काय झालं ते मी आत्ताच पाहिलं होतं. आमच्या घरात शब्द टाकला की त्याचा गोड पदार्थ होऊन परत येतो.

मी उभा राहिलो आणि जाकीट काढलं.

"उकडतंय का रे?" आई म्हणाली.

मी वरचा स्वेटर काढला. मग आतला. फ्लॅनेलची बटणं निघेनात, बोटं बधिर होती, म्हणून तो डोक्यावरून ओढला. एक बटण तुटून ताकाच्या पेल्यात पडलं. "मुनसिफ, वेडा झालास का? बायका बसल्यात," सुआद म्हणाली. मी बनियन काढून खाली टाकलं.

खिडकीतून दुपारचं ऊन माझ्या अंगावर पडलं होतं. आरशात मी स्वतःला कधी खरं पाहिलं नाही. मला तिथं अजून तो हमामातला पोरगाच दिसतो. मी तेव्हा स्वतःकडे पाहिलंच नाही, त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. जलालच्या हातातला चमचा तसाच राहिला आणि त्यानं मान खाली घातली. सुआदनं दोन्ही हात तोंडावर दाबले. आईच्या घशातून एक आवाज निघाला, त्याला रडणं म्हणता येणार नाही. ती उठायला गेली आणि उठता आलं नाही म्हणून परत खाली बसली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "गप्प का झालात? सुआद? काय झालं?"

त्यांचं तोंड या बाजूला, त्या बाजूला फिरत होतं. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि माझ्या छातीवर ठेवला. हात ऊबदार होता. आधी तो नुसता ठेवल्या जागी राहिला. मग बोटं हलली. एका बरगडीवरून खाली खाचेत उतरली, पुढच्या बरगडीवर चढली, तिथून पोटाच्या जागी गेली, थांबली, आणि वर गळ्याच्या हाडापाशी आली. खांद्याचा गोळा त्यांनी मुठीत धरून पाहिला. ते घाई करत नव्हते. मी श्वास घेत होतो तो त्यांच्या हाताला कळत होता. मला सांगायचं होतं, मी आहे, बाबा.

त्यांनी हात काढला नाही. आईच्या दिशेनं तोंड वळवून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तूरिया, हा कोण आहे?"